नेती, मीठ आणि निवलेले पाणी

थंडी पडली, हवेत धूळ आणि धूर साचू लागला की घरोघरी नाके चोंदतात आणि कुणालातरी जलनेतीची आठवण होते. तोटीचा लहान तांब्या, कोमट पाणी, त्यात मीठ. एका नाकपुडीत धार सोडायची, दुसरीतून वाहू द्यायची. कृती बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. पण ‘नेती’ म्हणजे काय, असे विचारले की उत्तर अडते. काहीजण उपनिषदातल्या ‘नेति नेति’कडे बोट दाखवतात आणि ‘हे नको, ते नको, असे म्हणत नाकातली घाण बाहेर टाकायची, म्हणून नेती’ असा अर्थ लावतात. ऐकायला तो छान वाटतो, पण खरा नाही. बृहदारण्यकोपनिषदातले ‘नेति’ म्हणजे ‘न इति’, ‘असे नाही’. ब्रह्माचे वर्णन करता येत नाही, हे सांगण्यासाठी आलेला तो संधी आहे. नाकातली नेती हा वेगळाच शब्द आहे आणि त्याचा जन्म ब्रह्मविचारात झालेला नसून बहुधा ताकाच्या डेऱ्यापाशी झालेला आहे.

हठयोगाचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे स्वात्मारामाची पंधराव्या शतकातली हठप्रदीपिका. तिच्यात शरीरशुद्धीची सहा कर्मे सांगितली आहेत : धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती. त्यातल्या नेतीच्या वर्णनात पाण्याचे नावही नाही. तिथे आहे दोरा. वीतभर लांबीचा गुळगुळीत दोरा नाकातून आत घालायचा आणि तोंडातून बाहेर काढायचा, ही मूळची नेती. (ही ‘वीत’सुद्धा थेट तिथलीच. संस्कृत ‘वितस्ति’, बारा अंगुळांचे माप, झिजत झिजत आपल्या अंगठा-करंगळीत येऊन बसले.) आज या प्रकाराला मुद्दाम ‘सूत्रनेती’ म्हणावे लागते. मूळ अर्थाला वेगळे विशेषण लावावे लागते, याचा अर्थ नवा अर्थ पुरता रुळला.

दोऱ्याला नेती का म्हणायचे? संस्कृतात ‘नेत्र’ या शब्दाचा अर्थ केवळ डोळा असा नाही. ‘नी’ म्हणजे नेणे, आणि ज्याने नेले जाते ते नेत्र. डोळा माणसाला वाट दाखवत नेतो म्हणून तो नेत्र, आणि रवीला गुंडाळून तिला इकडून तिकडे, तिकडून इकडे नेणारी दोरी तीही नेत्रच. समुद्रमंथनाच्या कथेत मंदर पर्वताची रवी केली आणि वासुकी नागाला ‘नेत्र’ केले, असे पुराणे सांगतात तेव्हा तिथे डोळ्याचा काही संबंध नसतो. हिंदीत रवीच्या दोरीला अजून ‘नेती’ म्हणतात. आता सूत्रनेती करणाऱ्याकडे पाहा. दोऱ्याचे एक टोक नाकाशी, दुसरे तोंडाशी, दोन्ही टोके दोन हातांत धरून तो दोरा हलकेच मागेपुढे ओढतो. ताक घुसळणारीच्या दोन हातांची हालचाल हीच आहे. नाकातल्या नेतीचे नाव या नेत्रावरून पडले असावे, असे मला म्हणूनच वाटते. ध्वनीही जुळतो, वस्तूही जुळते आणि हालचालही जुळते. शब्दाच्या व्युत्पत्तीत तिन्ही एकदम जुळण्याचे भाग्य फार थोड्या शब्दांना लाभते.

याच ‘नी’ धातूची आणखी एक लेक डेऱ्यातच सापडते. घुसळून नवे काढलेले ते ‘नवनीत’, आणि त्याचे मराठी रूप ‘लोणी’. लोण्याचा लोणाशी, म्हणजे मिठाशी, काही संबंध नाही, हे इथेच सांगून ठेवतो, कारण मिठाकडे पुढे वळायचे आहेच.

नाक आणि दोरा यांची जोडी मराठीला नवी नाही. बैलाच्या नाकातून ओवलेली दोरी ती वेसण. बायकांच्या नाकातली ‘नथ’सुद्धा मुळात दागिना नव्हे. संस्कृतात ‘नस्ता’ म्हणजे जनावराच्या नाकाला पाडलेले भोक, त्यावरून प्राकृतात ‘णत्था’ म्हणजे नाकातली दोरी, आणि तिथून ही मोत्यांची नथ. माणूस शेवटच्या घटका मोजत असला तर आपण म्हणतो, ‘नाकाशी सूत धरले आहे’. श्वास आहे की गेला, हे दोरा हलतो का यावरून पाहायचे. वेसणीचा दोरा आवरतो, नथीचा सजवतो, शेवटचा दोरा श्वास मोजतो आणि नेतीचा दोरा त्याची वाट मोकळी करतो.

मग या दोऱ्यात पाणी शिरले कुठून? नाकाने पाणी घेण्याची रीत जुनी आहे. आयुर्वेदात पहाटे नाकाने पाणी पिण्याचा उपचार येतो. घेरंडसंहितेत, म्हणजे हठप्रदीपिकेनंतरच्या ग्रंथात, नाकाने पाणी ओढून तोंडावाटे सोडण्याचे आणि उलट तोंडाने घेऊन नाकावाटे सोडण्याचेही वर्णन आहे. पण गंमत अशी, की त्यांना तिथे नेती म्हटलेले नाही. ते कपालभातीचे प्रकार आहेत. पहिल्याचे नाव व्युत्क्रम, दुसऱ्याचे शीत्क्रम. ‘कपालभाती’ म्हणजे ज्याने कपाळ उजळते ते. आज आपण पोट आत मारत भराभर श्वास सोडण्याला कपालभाती म्हणतो आणि पाण्याला नेती म्हणतो. जुन्या ग्रंथातला माणूस आज योगवर्गात आला तर दोन्ही शब्द त्याला ओळखीचे वाटतील आणि एक कृती मात्र चुकीच्या नावाखाली सापडेल.

हे ग्रंथ आपल्याला नीट वाचायला मिळतात यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. त्याच संस्थेने स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादित केलेली हठप्रदीपिकेची आवृत्ती १९७० मध्ये काढली. मूळ श्लोक पाहिल्याशिवाय ‘प्राचीन जलनेती’ असे छापणाऱ्यांनी ती एकदा उघडून पाहावी.

‘जलनेती’ हा समास शब्दशः फोडला तर पाण्याची दोरी असा अर्थ निघतो, आणि तो निरर्थकही नाही. एका नाकपुडीतून शिरून दुसरीतून निघणारी अखंड धार म्हणजे ओलेता दोराच. पुढे दूध वापरले तर दुग्धनेती, तूप वापरले तर घृतनेती, रबराची नळी वापरली तर रबरनेती असे समास होत गेले. मूळ ‘दोरी’ हा अर्थ पुसला आणि ‘नाक साफ करणे’ हा अर्थ उरला. याच अर्थाने हा शब्द समुद्रापार गेला. अमेरिकेत औषधांच्या दुकानात ‘नेती पॉट’ मिळू लागला आणि २००७ मध्ये ओप्रा विन्फ्री यांच्या टीव्ही कार्यक्रमात तो दिसल्यावर घराघरांत पोहोचला. शब्द पोहोचला, भांडे पोहोचले. पाणी कोणते, हे मात्र शब्दाबरोबर जात नाही. त्याची किंमत कुणी मोजली, ते पुढे सांगतो.

तत्पूर्वी जे धुवायचे त्याची नावे पाहू. नाक वाहते आणि चोंदते त्या दुखण्याला ग्रामीण मराठीत अजून ‘पडसे’ म्हणतात. हा शब्द अस्सल आहे. आयुर्वेदातला ‘प्रतिश्याय’ प्राकृतात वितळून पडसे झाला. ‘सर्दी’ हा त्या मानाने पाहुणा, फारसी ‘सर्द’ म्हणजे थंड, त्यावरून आलेला. शहरांत पाहुण्याने घरधन्याला ओसरीवर बसवले आहे. मला स्वतःला पडसे हाच शब्द जवळचा वाटतो, कारण सर्दी शब्द कारण सांगू पाहतो, थंडी बाधली असे सुचवतो, आणि ते कारण बहुतेक वेळा खरे नसते. पडसे थंडीने होत नाही, विषाणूंनी होते, किंवा धुळीच्या, परागकणांच्या वावड्याने नाक तसेच वागू लागते.

‘शेंबूड’ हा शब्द आपण चारचौघांत टाळतो. ‘शेंबडे पोरही सांगेल’ असे म्हणून अज्ञानाची सीमा दाखवायला मात्र तो चालतो. त्याचे कूळ पाहिले तर तो टाळावासा वाटणार नाही. संस्कृत ‘श्लेष्मा’, प्राकृत ‘सेंभ’ आणि पुढे आपला शेंबूड असा माग लावला जातो. श्लेष्मा ज्या ‘श्लिष्’ धातूवरून आला, त्याचा अर्थ चिकटणे, मिठी मारणे. एका शब्दाला दोन अर्थ चिकटतात तो श्लेष अलंकार. आकाशातले आश्लेषा नक्षत्र त्याच धातूचे. जोडणे ते संश्लेषण, सोडवणे ते विश्लेषण. म्हणजे कवितेतला श्लेष आणि नाकातला श्लेष्मा सख्खी भावंडे आहेत.

आणि धातूने जे सांगितले, ते शरीरात तसेच घडते. नाकाच्या आतल्या त्वचेवर श्लेष्म्याचा पातळ थर असतो. श्वासाबरोबर आलेली धूळ, परागकण, जंतू त्याला चिकटतात. खाली सूक्ष्म केसांची दाट लव असते. ती सतत एका दिशेने लवते आणि हा थर घशाकडे ढकलत राहते. पडशात किंवा वावड्यात हा थर जाड होतो, आतली त्वचा सुजते, लव थकते आणि वाट बंद होते. ‘चोंदणे’ हे क्रियापद मराठीने या अवस्थेसाठी जपून ठेवले आहे. दार बंद होते, गटार तुंबते, नळी बुजते, पण नाक चोंदते. मिठाचे पाणी हा जाड थर सैल करते, चिकटलेले कण वाहून नेते आणि लवेला पुन्हा हलायला वाव देते. ते विषाणू मारत नाही, पडसे बरे करत नाही. वाट मोकळी करते, आणि झोप न लागणाऱ्या माणसाला तेवढेही पुष्कळ असते.

आता मीठ. इथे मराठीने हिंदीहून वेगळी वाट धरली आहे. हिंदीत ‘मीठा’ म्हणजे गोड, आणि आपले मीठ मात्र खारट. गुजरातीतही मिठाला ‘मीठुं’ म्हणतात. या सगळ्यांचे मूळ एकच, संस्कृत ‘मृष्ट’, पुढे ‘मिष्ट’. मिष्टान्नातला मिष्ट तोच. ज्याने अन्नाला चव येते ते मिष्ट, असा विचार आपल्या पूर्वजांनी केला असणार. पण त्याही मागे गेले तर हाती येते ते फार सुंदर आहे. ‘मृष्ट’ हे ‘मृज्’ धातूचे रूप, आणि मृज् म्हणजे घासणे, पुसणे, धुऊन स्वच्छ करणे. मार्जन, संमार्जन हे शब्द त्याचेच. सतत स्वतःला चाटून पुसून ठेवणारे मांजर, ते ‘मार्जार’, त्याचाही संबंध याच धातूशी लावतात. मृष्ट म्हणजे आधी ‘धुतलेले’, मग ‘शुद्ध’, मग ‘रुचकर’, मग ‘गोड’, आणि मराठीत आल्यावर ‘खारट’. नाक धुवायला आपण जी वस्तू पाण्यात घालतो, तिच्या नावाच्या तळाशी धुण्याचीच क्रिया आहे. जुना ‘लवण’ शब्द गेला असे नाही. तो ‘लोण’ होऊन लोणच्यात आणि बुलढाण्याच्या लोणार सरोवरात राहिला आहे.

नेतीला कोणते मीठ, तर पुस्तके सांगतात सैंधव. सिंधू देशाचे ते सैंधव. मीठही तिकडून यायचे आणि उत्तम घोडेही, म्हणून संस्कृतात सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे घोडाही. अर्थ संदर्भाने कळतो, हे शिकवताना शास्त्रकार हेच उदाहरण देत. जेवायला बसलेला माणूस ‘सैंधव आण’ म्हणाला तर मीठ आणायचे, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. नेतीच्या संदर्भात मीठ या शब्दाचाही अर्थ थोडा नेमका करून घ्यावा लागतो. स्वयंपाकघरातल्या पुडीत आयोडीन असते आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून इतर पदार्थही घातलेले असतात. जेवणात ते हवे, पण नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेला त्यांनी चुरचुरू शकते. म्हणून आयोडीन नसलेले, काही न मिसळलेले मीठ घ्यावे. सैंधव घेतले तर ते स्वच्छ, माती-खडे नसलेले हवे.

किती? आपल्या रक्तातल्या पाण्याइतके खारट, म्हणजे एक लिटरला ९ ग्रॅम. पाव लिटर पाण्याला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास, चहाच्या चमच्याने सपाट अर्ध्याहून किंचित कमी. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर झोंबणे आणखी कमी होते. नुसते पाणी नाकात गेले की ठणका लागतो तो याचसाठी, की नुसते पाणी आतल्या पेशींमध्ये शिरून त्यांना फुगवते. मीठ फार झाले तरी जळजळते. ‘चवीपुरते मीठ’ हे माप इथे चालणार नाही, मोजूनच घालावे.

डॉक्टर याच द्रावणाला सलाईन म्हणतात. लॅटिन ‘साल’ म्हणजे मीठ, त्यावरून सलाईन म्हणजे मिठाचे. पण मराठीत हा शब्द आला तो हॉस्पिटलच्या खाटेशेजारच्या बाटलीबरोबर. ‘दोन सलाईन लावल्या’ म्हणजे शिरेतून दोन बाटल्या दिल्या, मग त्यात मीठ असो वा साखर. म्हणून ‘सलाईनने नाक धुवा’ असे दवाखान्यात ऐकले की वयस्क माणसे घाबरतात. ‘मिठाचे पाणी’ म्हणावे, ते सगळ्यांना कळते.

भांड्याचे नाव ‘नेतीपात्र’ असे छापलेले असते, पण आपल्याकडे तोटीच्या भांड्याला जुना शब्द आहे, ‘झारी’. झारी म्हटली की शुक्राचार्य आठवतात. वामनाला दान द्यायला बळीराजाने झारी उचलली, शिष्याला वाचवण्यासाठी शुक्राचार्य झारीच्या तोटीत शिरून बसले आणि पाण्याची धार अडली. वामनाने दर्भाची काडी तोटीत घातली, शुक्राचार्यांचा डोळा गेला आणि धार सुटली. चोंदलेले नाक आणि सूत्रनेती यांची गोष्ट यापेक्षा नेमकी कुणाला सांगता येईल असे वाटत नाही. फक्त त्या काडीची घाई आपण करू नये. सूत्रनेती पुस्तक वाचून करायची गोष्ट नाही, जाणत्या शिक्षकासमोरच ती करावी.

आता पाण्याकडे येतो, कारण या साऱ्या शब्दांपेक्षा मला त्याचीच काळजी जास्त आहे. नाक हे मस्तकाचे दार आहे, असे वाग्भटाने अष्टांगहृदयात नस्याच्या प्रकरणात सांगितले. औषध डोक्यापर्यंत पोहोचवायचे तर नाकातून द्यावे, हा त्याचा हेतू. पण दार औषधासाठी वेगळे आणि शत्रूसाठी वेगळे नसते. नाकाच्या वरच्या टोकाला चाळणीसारखे भोकाभोकांचे हाड आहे. त्या भोकांतून वासाच्या नसा थेट मेंदूत जातात. कोमट, गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा एक सूक्ष्म जीव राहतो. फाउलर हे ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांचे आडनाव, त्यांनी आणि कार्टर यांनी १९६५ मध्ये या जीवामुळे होणाऱ्या आजाराचे वर्णन केले. वृत्तपत्रांत त्याला ‘मेंदू खाणारा अमीबा’ म्हणतात. तो पाण्याबरोबर पोटात गेला तर काही होत नाही. नाकात गेला तर वासाच्या नसेचा माग काढत तो मेंदूत जाऊ शकतो, आणि मग रुग्ण वाचणे फार दुर्मीळ.

अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ मध्ये दोन माणसे याने दगावली. दोघांनीही नेती पॉटमध्ये नळाचे पाणी वापरले होते. कराचीतही २००८ पासून असे रुग्ण सापडत आले. त्यांतल्या बहुतेकांचा पोहण्याशी संबंध नव्हता. नमाजाआधी वुजू करताना नाकात पाणी घेतात, त्या कृतीचे अरबी नाव ‘इस्तिन्शाक’, हुंगणे, नाकाने ओढणे या अर्थाच्या धातूवरून आलेले. भक्तीची कृती, पाणी दूषित. केरळातही तळ्यांत आणि विहिरींत अशा अमीबांचे संसर्ग आढळले. २०२४ मध्ये कोळिकोडचा १४ वर्षांचा एक मुलगा वेळेत निदान झाल्याने त्यातून वाचला, ही मोठी गोष्ट मानली गेली. हे संसर्ग विरळच आहेत. पण ते टाळण्याचा उपाय इतका सोपा आहे की तो न करणे क्षम्य नाही. पिण्यायोग्य पाणी नाकायोग्य असते असे नाही. पोटात आम्ल असते, ते बरेच जंतू मारते. नाकात तसे काही नाही. फिल्टरचे, बाटलीबंद पाणीसुद्धा निर्जंतुक असेलच असे धरू नये.

आणि इथेच मराठीतला एक अतिशय घरगुती शब्द मला धोक्याचा वाटतो. जलनेतीच्या सगळ्या सूचनांत ‘कोमट पाणी’ असे लिहिलेले असते. कोमट ही झाली पाण्याची अवस्था. ते कोमट झाले कसे, हे तो शब्द सांगत नाही. संस्कृतातही ‘कोष्ण’, ‘कवोष्ण’, ‘कदुष्ण’ असे तीन तीन शब्द आहेत, तिन्हींचा अर्थ जरासे उष्ण, आणि इतिहास त्यांच्यातही नाही. आपल्या घरात पाणी कोमट करण्याची रीत कोणती? बंबातले कढत पाणी बादलीत काढायचे आणि त्यात विसण घालायचे. विसण, कुठे इसण, म्हणजे कढत पाणी अंगाला सोसेल असे करण्यासाठी त्यात ओतायचे गार पाणी. किती सुरेख शब्द आहे! इतक्या नेमक्या गोष्टीला एकच शब्द असणे ही अंघोळीवर प्रेम करणाऱ्या माणसांची भाषा. दिवाळीच्या अभ्यंगात आई ‘विसण बेताने घाल गं’ असे सांगते तेव्हा त्यात ऊब भरलेली असते.

पण नेतीच्या पाण्यात विसण घातले की उकळण्याचे सारे श्रम वाया जातात. पाणी खळखळून उकळले, जंतू मेले, आणि मग ‘फारच कढत आहे’ म्हणून नळाखाली धरले. हाताला ते कोमटच लागते. उकळून निवलेले पाणी आणि विसण घातलेले पाणी, दोन्ही कोमट. एक नाकात घेण्याजोगे, दुसरे नाही.

म्हणून मी ‘कोमट’ ऐवजी ‘निवलेले’ हा शब्द वापरावा असे आग्रहाने सांगतो. ‘निवणे’ म्हणजे आपल्याआप थंड होणे. संस्कृतात ‘निर्वा’ म्हणजे विझणे, शांत होणे. त्यावरून एकीकडे ‘निर्वाण’, पालीत ‘निब्बान’, आणि दुसरीकडे चहा निवतो, दूध निवते, डोळे निवतात, जीव निवतो ते आपले क्रियापद. निवण्यात बाहेरून काही ओतणे नाही, फक्त वेळ देणे आहे. नेतीच्या पाण्याला नेमके तेवढेच हवे.

रीत अशी. पाणी खळखळून उकळू लागल्यावर निदान १ मिनिट तसेच उकळू द्यावे. समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटरहून उंच जागी ३ मिनिटे. आपल्याकडे कळसूबाईचे शिखरसुद्धा १६४६ मीटर, तेव्हा महाराष्ट्रात कुठेही १ मिनिट पुरते, थोडे जास्त उकळले तर बिघडत नाही. मीठ उकळतानाच घातले तर तेही शुद्ध होते. झाकून निवू द्यावे. स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात ठेवलेले असे पाणी २४ तासांत वापरावे, नंतर टाकावे. दुकानातले डिस्टिल्ड किंवा निर्जंतुक असे लिहिलेले पाणी आणले तर उकळण्याची गरज नाही.

बेसिनवर पुढे वाकावे, मान एका बाजूला कलती करावी, तोंडाने श्वास चालू ठेवावा आणि वरच्या नाकपुडीत हळू धार सोडावी. मध्ये बोलू नये, गिळू नये. ‘नाकातोंडात पाणी जाणे’ हा आपल्याकडे बुडण्याचा वाक्प्रचार आहे, म्हणून पहिल्यांदा भीती वाटतेच. तोंडाने श्वास चालू आहे हे लक्षात आले की ती जाते. नंतर दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच शिंकरावे. एक दाबून जोराने शिंकरले तर पाणी कानाकडे जाऊ शकते. झारी दर वेळी धुऊन कोरडी करावी, आणि ती एकाच माणसाची असावी.

नाक दोन्ही बाजूंनी पूर्ण बंद असेल, कान दुखत असेल, नाकातून रक्त येत असेल, नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर धुवू नये, आधी डॉक्टरांना विचारावे. लहान मुलांसाठी तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. त्यांना वाफारा द्यायलाही मी धजावणार नाही. ‘वाफ’ आली ‘बाष्प’ शब्दावरून, आणि बाष्पाचा संस्कृतात आणखी एक अर्थ अश्रू असा आहे. कढत पाण्याचे पातेले कलंडून पोरे भाजतात तेव्हा दोन्ही अर्थ एकदम घरात येतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणी जलनेती करत असतील तर त्यांना एकदा विचारा, पाणी कुठले घेता. त्यांनी ‘कोमट’ असे उत्तर दिले तर तिथे थांबू नका. ते निवलेले आहे की त्यात विसण घातले आहे, हे विचारा. विसण असेल तर त्यांना सांगा : अंघोळीला घाला, नेतीला नको.